आजोबांचे घड्याळ आणि यंत्राची शिफारस

म्हार्दोळजवळच्या एका गावातून रोज दुचाकीने पणजीला नोकरीसाठी जाणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या वाचकाचे पत्र या वेळी निवडले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्र लांब असल्याने त्यातला मुख्य भाग तेवढा देत आहे.

"येत्या मे महिन्यात माझे लग्न ठरले आहे. गेली दीड-दोन वर्षे मी जवळजवळ प्रत्येक गोष्ट एआयला विचारून ठरवतो. त्याच्या सल्ल्याने काळे आणि करडे कपडे घेतले, कॉफी दळण्याचे हातयंत्र, बारीक तोटीची किटली आणि छोटा वजनकाटा मागवला. लग्नासाठी त्याने सुचवलेले ४८ हजारांचे घड्याळ आता हप्त्यांवर घेण्याचा विचार आहे. शिफारशीची प्रत सोबत जोडली आहे. दिसायला सगळे नीटनेटके आहे, पण आरशासमोर उभा राहिलो की हे दुसऱ्या कोणाचे तरी सामान माझ्या अंगावर चढवल्यासारखे वाटते. आईच्या हातची चिकोरी घातलेली दुधाची कॉफी मला अजूनही जास्त आवडते, पण मित्रांसमोर ते बोलवत नाही. आजोबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याविषयी चार ओळी लिहायच्या होत्या, त्याही मी एआयकडून लिहून घेतल्या. त्यात 'ते रोज पहाटे समुद्रकिनारी फिरायला जात' असे वाक्य आले आणि ते तसेच गेले. आत्याने वाचून एवढेच विचारले, 'हें कोणाविशीं बरयलां रे?' (हे कोणाविषयी लिहिले आहेस रे?) आजोबा आयुष्यभर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, राबले. शिंपणे करायला जाताना मनगटावरचे एचएमटी काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवून जात. ते घड्याळ आता बंद पडून कपाटात आहे. मी एआय वापरणे सोडून द्यावे का? आणि नवे घड्याळ घ्यावे की नाही?"

सप्रेम नमस्कार.

उत्तरे आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. एआय सोडण्याची गरज नाही. ४८ हजारांचे घड्याळ हप्त्यांवर मात्र घेऊ नका, कारण लग्नाच्या वर्षात हप्ता मागे लावून घेण्यासारखी ती वस्तू नव्हे, आणि तुमच्या पत्रावरून तरी ते तुम्हाला मनापासून हवे आहे असे मला कुठेही दिसले नाही. कपाटातले एचएमटी मात्र याच आठवड्यात बाहेर काढा.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा खिळ्याच्या वाक्यापाशी थांबले. कपडे, कॉफी आणि शिफारस यांच्याबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते व्यवस्थित आहे, पण ते कोणीही लिहू शकला असता. दाराजवळच्या खिळ्याला घड्याळ अडकवून कुळागरात उतरणारा माणूस मात्र फक्त तुम्हीच पाहिलेला आहे. समुद्रकिनाऱ्याचे वाक्य आणि खिळ्याचे वाक्य यांच्यात जो फरक आहे, तोच तुमच्या कपड्यांत, कॉफीत आणि घड्याळात तुम्हाला सलतो आहे, असे माझे मत आहे, आणि पुढचे सारे त्याच धाग्याने लिहिते.

समुद्रकिनारा तिथे आला कुठून, हे आधी समजून घ्या. एआयची ही संभाषण करणारी यंत्रे अफाट मजकुरावर तयार केलेली असतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याच्या अंदाजाने ती वाक्य रचत जातात. 'गोवा', 'आजोबा' आणि 'पहाट' हे तीन शब्द एकत्र आले की जगातल्या मजकुरात समुद्रकिनारा येण्याची शक्यता सर्वांत मोठी, कारण गोव्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक किनाऱ्यावर येऊन परत गेलेले असतात. अंत्रुज महालातले, म्हणजे फोंडा तालुक्यातले, पोफळीचे कुळागर, पाटाचे पाणी आणि शिंपणे यांच्याबद्दल मराठीत किंवा कोंकणीत लिहिलेला मजकूर त्या मानाने फारच थोडा आहे. म्हणून यंत्राने खोटे बोलण्याचा काही बेत केला नव्हता. तुमच्या आजोबांविषयी त्याला काहीच ठाऊक नव्हते आणि रिकामी राहिलेली जागा त्याने सर्वांत संभाव्य गोष्टीने भरून काढली. तुम्ही ते वाचून पुढे पाठवले, ही चूक तुमची आहे. ती कबूल करण्याइतके तुमचे मन जागे आहे, म्हणूनच तुम्ही हे पत्र लिहिलेत.

कपड्यांच्या बाबतीत हेच घडले आहे. तुम्ही जोडलेल्या शिफारशीत लग्नासाठी कोळशी रंगाचा लोकरी तीन तुकड्यांचा सूट सुचवला आहे, त्याखाली चामड्याचे उंच बूट, आणि रोजच्यासाठी काळा, करडा व गडद निळा हे तीनच रंग. ज्या मजकुरातून 'अभिजात पोशाख' ही कल्पना या यंत्राला मिळाली तो मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आणि थंड हवेच्या देशांत लिहिला गेलेला आहे. तुमचे लग्न मे महिन्यात, बहुधा दुपारच्या मुहूर्तावर आणि देवळाच्या सभागृहात. त्या उकाड्यात लोकरी सूट घालून पाहुण्यांना नमस्कार करीत उभ्या राहणाऱ्या नवऱ्याकडे पाहून कोणालाही पोशाख आठवणार नाही, फक्त घाम आठवेल. विधींना धोतर आणि उपरणे आहेच. संध्याकाळच्या स्वागताला सुती किंवा लिननचा बंद गळ्याचा कोट फिकट रंगात शिवून घ्या, आणि तो तयार विकत न घेता शिंप्याकडून अंगावर माप घेऊन शिवून घ्या. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. आपल्या दमट हवेला साजेसे हलके, सैल आणि बरेचसे पांढरे कपडे त्यांनी आयुष्यभर केले, आणि शेतात राबणाऱ्या बायकांच्या कुणबी साडीकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळवले. आपल्याकडे या हवेचे कपड्यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ते तुमच्या घरच्या जुन्या फोटोंतही दिसेल. कुंडईचा चढ आणि बाणस्तारीचा पूल ओलांडून रोज जाणाऱ्या माणसाने काळा शर्ट घालावा की पांढरा, हे जूनच्या चिखलावर आणि एप्रिलच्या उन्हावर ठरते. त्याचा अनुभव तुमच्या अंगाला आहे, यंत्राला नाही.

आता घड्याळाकडे येते. या विषयात मी जरा रमेन, कारण तो माझ्या जवळचा आहे.

तुमच्या आजोबांचे एचएमटी कोणते ते पत्रात नाही. तबकडी पाहा. जनता, पायलट, सोना, कोहिनूर असे काही नाव असेल, कदाचित देवनागरीतही. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ साली सुरू झाला. त्याच वर्षाच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्याआधी पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या बाजारात विदेशी घड्याळे सहज मिळत आणि ज्यांना परवडत ते स्विस घड्याळ बांधत. शेतात, शाळेत आणि कचेरीत काम करणाऱ्या साध्या माणसाच्या मनगटावर घड्याळ चढले ते मुख्यतः एचएमटीमुळे. माझे वडील डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मुक्तीनंतर गावोगाव शाळा निघाल्या त्या काळात त्यांना नोकरी लागली आणि काही वर्षांनी पगार साठवून त्यांनी 'जनता' घेतले. शाळेची घंटा त्याच घड्याळावर वाजत असे. आज ते माझ्याकडे आहे आणि हे लिहीत असताना माझ्या मनगटावर आहे.

ही घड्याळे हातचावीची असतात. त्यांत सेल नसतो. चावी दिली की आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती हळूहळू सुटताना तिची ताकद चाकांतून बॅलन्सच्या चाकापर्यंत पोचते. ते चाक अशा जुन्या घड्याळात तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा हेलकावते, आणि कानाशी धरल्यावर ऐकू येणारी टिकटिक तीच. तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेले असेल. चाकांचे अणकुचीदार आस जिथे टेकतात तिथे झीज होऊ नये म्हणून बसवलेली ती कृत्रिम माणके होत. आजच्या सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आणले आणि पुढे जगभर चावीच्या घड्याळांचे दिवस पालटले. आपल्याकडे १९८४ साली टायटनची स्थापना झाली, तिने क्वार्ट्झवर भर दिला आणि एचएमटी मागे पडली. २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. वेळ अचूक दाखवण्यात क्वार्ट्झ पुढे आहे यात वाद नाही. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात पंधरा-वीस सेकंद चुकेल, तर आजोबांचे घड्याळ तेवढे एका दिवसातही चुकू शकते.

तरीही ते दुरुस्त करून घ्या, आणि कसे ते सांगते. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळातले तेल सुकून चिकट झालेले असते, म्हणून ते चालू होते का ते पाहण्यासाठी चावी पिळत बसू नका. कोरड्या आसावर चाके फिरली तर झीज होते. फोंड्याला किंवा पणजीला स्वतः घड्याळ उघडून काम करणारा, वय झालेला घड्याळजी शोधा. देण्यापूर्वी तबकडीचा, काट्यांचा आणि शक्य असेल तर झाकण उघडल्यावर आतल्या यंत्राचा फोटो काढून ठेवा. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा की साफ करून तेल घालायचे आहे, काच बदलली तरी चालेल, पण तबकडी रंगवायची नाही, डबी घासून चकचकीत करायची नाही आणि बदललेला प्रत्येक भाग परत हवा. हे मी पोळलेल्या हाताने लिहिते आहे. वडिलांचे घड्याळ मी पूर्वी एका दुकानात दिले तेव्हा असे काही सांगितले नव्हते, आणि ते परत आले ते पांढरीशुभ्र, नव्याने रंगवलेली तबकडी घेऊन. मूळची तबकडी वडिलांच्या उन्हाघामाने पिवळसर झाली होती आणि सहाच्या आकड्यापाशी तिच्यावर एक तपकिरी डाग होता. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी त्या डागावर बोट ठेवत असे. तो गेला. ऑनलाइन विकायला ठेवलेली कितीतरी जुनी एचएमटी अशीच नव्याने रंगवलेली असतात, तेव्हा हौसेने दुसरे घेण्याच्याही भरीस पडू नका.

गेल्या वर्षी माझे घड्याळ अचानक दिवसाला सात-आठ मिनिटे पुढे जाऊ लागले. मी एआयला लक्षणे सांगून कारण विचारले. त्याने चार शक्यता सांगितल्या आणि त्यांत चुंबकत्व होते. मी घड्याळजींकडे गेले. त्यांनी फळीवर एक लहान होकायंत्र ठेवले आणि घड्याळ हळूहळू त्याच्या जवळ नेले. सुई थरथरली आणि घड्याळाच्या मागे वळली. रात्री मी घड्याळ टॅबलेटच्या कव्हरवर काढून ठेवत होते आणि त्या कव्हरच्या कडेला लोहचुंबक होता. बॅलन्सच्या चाकाला जोडलेल्या केसाइतक्या बारीक स्प्रिंगची वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि चाक भराभर हेलकावू लागते. त्यांनी विजेवर चालणाऱ्या एका छोट्या ठोकळ्यावरून घड्याळ दोनदा सावकाश नेले आणि पुन्हा होकायंत्राजवळ धरले. सुई जागची हलली नाही. तुम्हीही दुरुस्त झालेले घड्याळ फोन, लॅपटॉप आणि स्पीकर यांच्यावर ठेवू नका.

याच घड्याळाबद्दल मी एआयला आणखी एक प्रश्न विचारला होता. झाकणावरचा क्रमांक देऊन ते कोणत्या वर्षी बनले असावे असे विचारल्यावर त्याने ठामपणे एक वर्ष सांगितले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला तर तितक्याच ठामपणे दुसरे वर्ष सांगितले. चुंबकत्वाच्या उत्तराची परीक्षा होकायंत्राने झाली. वर्षाच्या उत्तराची परीक्षा करायला माझ्याकडे काहीच नव्हते, म्हणून ते मी सोडून दिले. पडताळा घेता येईल असे प्रश्न यंत्राला जरूर विचारावेत आणि पडताळा घ्यावा, ही सवय मला तेव्हापासून लागली.

दुरुस्तीनंतर चावी रोज सकाळी ठरलेल्या वेळी द्या. पंचवीस-तीस फेऱ्यांनंतर बोटांना अडथळा लागतो, तिथे थांबा. एकदा दिलेली चावी साधारण दीड दिवस पुरते. पाण्यापासून मात्र हे घड्याळ पूर्णपणे दूर ठेवायला हवे, आणि इथे मी तुमच्या आजोबांपाशी परत येते. शिंपण्याला जाताना घड्याळ खिळ्याला अडकवणे ही नुसती सवय नव्हती. अशा घड्याळाच्या चावीजवळून पाणी आणि वाफ आत शिरते आणि गंज तिथूनच सुरू होतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नसेल, पण ते पाळत होते. म्हणूनच ते घड्याळ इतकी वर्षे टिकले.

पावसाळ्यात दुचाकीवरून जाताना बांधायला एखादे साधे क्वार्ट्झ घड्याळ घ्या. दोन-तीन हजारांत चांगले मिळते. त्यावर १०० मीटर लिहिलेले असावे आणि पट्टा रबराचा किंवा नायलॉनचा असावा. तुम्हाला सुचवलेल्या महागड्या घड्याळावर ३० मीटर लिहिलेले आहे. त्याचा अर्थ तीस मीटर खोल पाण्यात नेता येईल असा नव्हे. हात धुताना उडालेले शिंतोडे सोसेल, इतकाच त्याचा भरवसा धरावा. शिवाय त्याचा पट्टा चामड्याचा आहे, आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात चामड्यावर चार दिवसांत हिरवट बुरशी येते हे तुम्हाला मी सांगायला नको. ४२ मिलिमीटरची तबकडी तुमच्या मनगटावर कशी दिसेल हे यंत्राने पाहिलेले नाही. पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधले अंतर मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त असेल तर घड्याळ दोन्ही बाजूंनी लोंबते, एवढी एक गोष्ट पट्टीने मोजून पाहा. जुनी एचएमटी ३५ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि बहुतेक मनगटांवर नीट बसतात. लग्नाच्या कोटाची डाव्या हाताची बाही किंचित सैल ठेवायला शिंप्याला सांगितलेत तर आजोबांचे घड्याळ तिच्याखाली सहज सरकेल.

कॉफीबद्दल. किटली आणि वजनकाटा वाया गेले असे समजू नका. दळलेली कॉफी लवकर शिळी होते, त्यामुळे रोज लागेल तेवढीच दळण्याचा फायदा कोणत्याही कॉफीला होतो, आईच्या कॉफीलाही. चिकोरीची लाज मात्र सोडून द्या. ते एका वनस्पतीचे भाजलेले मूळ आहे, त्यात कॅफिन नसते आणि त्यामुळे अर्काला दाटपणा व गडद कडवटपणा येतो. आपल्या देशात कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापलेले असते. ते वाचून तुम्हाला आवडेल ते प्रमाण निवडा. घाटापलीकडे कोडगू आणि चिकमगळूरच्या डोंगरांत कॉफी पिकते. बाबा बुडन नावाच्या संताने मक्केच्या यात्रेहून येताना सात बिया आणल्या आणि तिथल्या डोंगरात लावल्या, अशी दंतकथा तिथे सांगतात. फिल्टरमधून उतरलेला अर्क आणि उकळते दूध ही या भागाची जुनी, पूर्ण विकसित झालेली पद्धत आहे आणि ती कोणत्याही काळ्या कॉफीपेक्षा कमी दर्जाची नाही.

एक प्रयोग करा. आईला सांगा की सारख्या दोन पेल्यांत, एकाच बियांची कॉफी, एकात चिकोरीसह आणि एकात चिकोरीशिवाय, दोन्हींत सारखेच दूध घालून द्यावी, आणि एका पेल्याच्या बुडाला कुंकवाचा ठिपका लावावा. पेला उचलून बूड न पाहता दोन्ही प्या आणि काय लागले ते वहीत लिहा. आठवडाभर हे करा. मग आठवडाभर काळ्या कॉफीचे तसेच करा. लिहिताना यंत्राने चवीसाठी दिलेले 'जर्दाळू' आणि 'बर्गमॉट' (लिंबाच्या जातीचे एक फळ) हे शब्द वापरू नका, कारण तुम्ही कधी बर्गमॉट चाखले असेल असे मला वाटत नाही. तुमच्या जिभेला काजूच्या बोंडूचा घशात धरणारा तुरटपणा ठाऊक आहे, कोकमाचा आणि आंबाड्याचा आंबटपणा वेगवेगळा कळतो, तव्यावर करपलेल्या भाकरीचा आणि खरपूस भाजलेल्या खोबऱ्याचा वास निराळा काढता येतो. चिकमगळूरच्या एखाद्या हलक्या भाजणीच्या काळ्या कॉफीत तुम्हाला आंबाडे सापडले तर ती तुमची आवड झाली आणि तीही मित्रांना सांगा. नाही सापडले तर किटलीने आईला चहाचे पाणी ओतू द्या. कितीही आवडली तरी संध्याकाळची कॉफी कमी करा. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि तुम्ही पत्रात दुसरीकडे झोप न येण्याची तक्रार केली आहे.

एआयकडे पुन्हा वळते. तुम्ही त्याला आजवर मुख्यतः 'मला काय शोभेल' आणि 'मी काय घ्यावे' असे विचारत आला आहात. या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे असू शकत नाहीत, आणि त्यात भर म्हणजे या यंत्रांचा कल विचारणाऱ्याच्या बाजूने बोलण्याकडे असतो. स्वतः पाहायचे असेल तर आज त्याला सांगा की मला जुने, लहान, चावीचे घड्याळ आवडते, ते योग्य आहे ना. उद्या नव्या संभाषणात सांगा की मला मोठे, चकचकीत घड्याळ आवडते, ते योग्य आहे ना. दोन्ही दिवशी ते तुमच्या निवडीची वाखाणणी करील अशी दाट शक्यता आहे. आत्याने तसे केले नाही. तिने एक प्रश्न विचारला आणि तो बरोबर जागी लागला.

यापुढे क्रम उलटा करा. काही घ्यायचे किंवा लिहायचे असेल तेव्हा आधी वहीत आपल्या हाताने पाच-सहा वाक्ये लिहा: काय हवे आहे, का हवे आहे, कुठे वापरणार, आजवर काय वापरून पाहिले. तुम्ही बोलता त्या मराठीत लिहा, कोंकणी शब्द आले तर येऊ द्या. त्यानंतर यंत्राकडे जा आणि त्याला माहिती विचारा: लिननला इस्त्री कशी करतात, १०० मीटरचा अर्थ काय, हप्त्यांवर घेतलेल्या ४८ हजारांचे व्याजासह एकूण किती होतात. शेवटचा हिशेब तर जरूर करून घ्या आणि एकदा कॅलक्युलेटरवरही तपासा. लिहिलेल्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवायला सांगा, पण वाक्ये सुधारून मागू नका. सुधारताना खिळा जाईल आणि समुद्रकिनारा येईल. तुमच्या होणाऱ्या पत्नीशी झालेले बोलणे आणि घरच्यांचे फोटो तिथे टाकू नका. त्या गोष्टी एकट्या तुमच्या नाहीत.

आता राहिल्या आजोबांवरच्या त्या चार ओळी. त्या पुन्हा लिहाव्यात असे मला वाटते, आणि त्यासाठी चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, थांबलात तर बरे. चवथीला सगळे मूळ घरी जमतील, आत्याही येईल. माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळाफुलांचे छत, बांधून झाली, आरत्या झाल्या आणि घर जरा निवांत झाले की दुरुस्त झालेले घड्याळ आत्याच्या हातात द्या आणि आधी तिची क्षमा मागा. मग तिला विचारा की हे घड्याळ घरात कोणत्या साली आले, कोणी आणले, कोणत्या पैशांतून आणले, आजोबा चावी कधी देत, रागावले की ते मनगटावर फिरवत असत का, आणि शिंपणे करून परत आल्यावर पाय धुण्याआधी घड्याळ घालत की नंतर. यांतले काही तिला आठवेल, काही आठवणार नाही, आणि काही बाबतींत तिचे आणि तुमच्या वडिलांचे जुळणार नाही. जुळले नाही तर दोघांचेही लिहून घ्या. खिळा अजून भिंतीत आहे का तेही तिच्याबरोबर जाऊन पाहा.